बीजावांचून वंश

मृग नक्षत्र लागलें कीं परभणीकडच्या काळ्या रानांत तिफणी निघतात. चाड्याला हळदकुंकू लागतें, आणि घरांतील कर्ता मनुष्य चाड्यावर मूठ धरून पेरणीस आरंभ करतो. दुष्काळांत घरांतला दाणागोटा संपला तरी बियाण्यास हात लावूं नये, हा कुणब्याच्या घरचा जुना दंडक. कारण खाण्याचें धान्य एका वर्षाचें असतें, बियाणें पुढच्या सर्व वर्षांचें असतें. आपल्या भाषेंतही बीज म्हणजे मूळ, बीज म्हणजे सार, बीज म्हणजे वंश. ज्याला बीज नाहीं त्याला पुढें कांहींच नाहीं, असा या शब्दाचा ध्वनि आहे. असें असतां याच जिल्ह्यांत, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत, एक असें पीक उभें आहे कीं ज्याला चाडें लागत नाहीं, तिफण लागत नाहीं, आणि ज्याच्या फळांत शोधूनही बी सांपडत नाहीं. तें पीक केळीचें.

परभणी हा कापसाचा मुलूख असल्यामुळें बी वेगळें करण्याची क्रिया येथें कोणास नवी नाहीं. कापसांतील सरकी पूर्वीं हातानें काढीत, पुढें जिनिंगच्या यंत्रांत काढूं लागले. पण ती सरकी फुकट जात नाहीं. तिचें तेल निघतें, ती ढोरांच्या पुढ्यांत जाते, आणि कापसाचा पुढचा पेरा तिच्यांतूनच व्हावयाचा असतो. फळांतील बी मात्र कोणत्याही यंत्रावांचून, फळाच्या पोटांतल्या पोटांतच नाहींसें झालेलें आहे. तें कसें नाहींसें झालें, तें नाहींसें होण्यांत मनुष्याचा हात किती, आणि तें गेल्यावर त्या झाडाचा वंश चालविण्याचें काम कोणाच्या गळ्यांत पडलें, याचा इतिहास जितका मनोरंजक तितकाच विचार करावयास लावणारा आहे.

फळ म्हणजे झाडाचें दातृत्व, अशी आपली समजूत असते. वनस्पतिशास्त्र इतकें भाविक नाहीं. त्याच्या मतें फळ ही बीजाच्या प्रवासाची शिदोरी होय. पक्ष्यानें, माकडानें अथवा वटवाघळानें गोड गर खावा आणि बी दूर नेऊन टाकावें, एवढ्यासाठींच तो गर. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यांत चवई नांवाची रानकेळ दिसते. ती आपल्या केळीची चुलत बहीण शोभेल अशी. तींच रुंद पानें, तोच लवलवीत बुंधा. परंतु तिच्या बुडाशीं मुनवे फुटत नाहींत. कांहीं वर्षें वाढून ती एकदांच फुलते, तिला केळीं लागतात, आणि ती मरते. तीं केळीं सोलावीं तर आंत गर थोडा आणि कठीण काळ्या बियाच फार. खाणारास त्यांत कांहीं नाहीं. पण चवईच्या दृष्टीनें सर्व कांहीं त्यांतच आहे, कारण पुढच्या पावसाळ्यांत तिचा वंश कड्याच्या फटींतून उगवावयाचा तो त्या बियांतूनच. परसांतील केळ नेमकी याच्या उलट आहे. तिचें फळ सगळें गर, आणि वंश सगळा मुळाशीं.

केळें मधोमध कापलें असतां ज्या बारीक काळसर ठिपक्यांच्या रांगा दिसतात, त्या व्हावयाच्या राहून गेलेल्या बियांच्या खुणा होत. आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या अरण्यांत अजूनही बियांच्या केळी आढळतात. त्यांच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एकंदर २२ गुणसूत्रें असतात. अशा रानकेळींत कधीं काळीं अशी झाडें निपजलीं कीं ज्यांचें फळ परागकणाची वाट न पाहतां आपोआप फुगूं लागलें. फ्रिट्झ नोल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०२ सालीं या प्रकारास ‘पार्थेनोकार्पी’ हें नांव दिलें. आपण त्यास अनिषेकफलन म्हणूं. पुढें निरनिराळ्या भागांतील केळींचा संकर होतां होतां कांहीं झाडांत दोनांऐवजीं तीन संच एकत्र आले, आणि २२ चीं ३३ गुणसूत्रें झालीं. बीज घडण्यापूर्वीं गुणसूत्रांची सारखी वांटणी व्हावी लागते. तीन संचांची वांटणी दोघांत सारखी होत नाहीं; म्हणून बीज घडत नाहीं. झाड मात्र अधिक जोमदार होतें आणि फळ मोठें धरतें. आपल्या बाजारांत येणारी बसराई, नांदेड जिल्ह्यांतील अर्धापुरी, आणि अलीकडची ग्रँड नैन हीं सर्व याच तिहेरी कुळांतील होत.

हें सर्व मनुष्यानें योजून केलें असें नव्हे. त्यानें एवढेंच केलें कीं, ज्या झाडाच्या फळांत दांताखालीं बी आलें नाहीं, त्याचा मुनवा खणून तो आपल्या झोपडीजवळ लावला. पण हें ‘एवढेंच’ फार मोठें आहे. अरण्यांत असें झाड चारचौघांपेक्षां दुबळें ठरलें असतें. तें दूरवर कधींच पसरलें नसतें. मनुष्याच्या हातानें त्याला समुद्रापलीकडे नेलें. न्यू गिनींतील कूक येथील दलदलींत सुमारें ७,००० वर्षांपूर्वींच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. जॉर्डनच्या खोऱ्यांत गिल्गाल येथें सुमारें ११,००० वर्षांपूर्वींचीं जळालेलीं अंजिरें सांपडलीं. तीं बियांवांचून धरणाऱ्या जातीचीं असून मनुष्यानें फांद्या लावून वाढविलेलीं असावीं, असा निष्कर्ष कांहीं संशोधकांनीं २००६ सालीं मांडला. तो सर्वांस मान्य नाहीं. परंतु खरा ठरल्यास, धान्य पेरावयास शिकण्याच्या आधींच मनुष्य फांदी रोवावयास शिकला होता, असें म्हणावें लागेल.

आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. केळीस तिचें फळच मारतें, हा दृष्टान्त पाली वाङ्मयांत फार जुना आहे. घड उतरला कीं झाड संपतें, हें पाहूनच तो सुचला असला पाहिजे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला आहे. त्यांत कांडापासून लावावयाच्या झाडांची यादी देऊन त्यांस शेणाचा लेप द्यावा असें सांगितलें आहे. त्या यादींत केळ आहे, डाळिंब आहे आणि द्राक्षही आहे. म्हणजे ज्या दोन फळांची ‘बिनबियांचीं’ म्हणून आज महाराष्ट्रांत सर्वांत अधिक लागवड होते, तीं दोन्हीं त्यानें एकाच ओळींत बसविलीं आहेत. त्यानंतरच्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत तर झाडास निरनिराळे लेप व खतें देऊन फळ बिनबियांचें करण्याचे उपायही दिले आहेत. त्या उपायांनीं बी खरोखरच नाहींसें होत असे असें आजचें शास्त्र म्हणणार नाहीं. तथापि बिनबियांचें फळ असावें ही हौस आपल्याकडे किती जुनी आहे, याची साक्ष त्या पोथींत आहे.

आतां परभणीकडे वळूं. केळ हें पाण्याचें पीक. आणि या जिल्ह्याचा इतिहास पाण्याच्या प्रतीक्षेचा आहे. निजामाच्या राजवटींत १९१८ सालीं परभणीस शेतीचें मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन झालें. ज्वारी आणि कापूस हींच या मुलखाचीं मुख्य पिकें. तेव्हां येथील संशोधनाची परंपरा ही साहजिकच बियाण्याच्या निवडीची परंपरा होय. केळ त्या काळीं विहिरीच्या थारोळ्याशीं किंवा नदीकांठच्या मळ्यांत असावयाची. लग्नाच्या मांडवाला आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट लागत तेवढ्यापुरतीच बहुतेकांची तिच्याशीं ओळख. ज्या झाडाला स्वतःचें बी नाहीं तेंच आपण वंशवृद्धीच्या मंगलकार्यांत दारीं बांधतों, हा योगायोग मोठा गंमतीचा आहे. पण मुनव्यांनीं वेढलेलें केळीचें बेट पाहिलें कीं त्यांतील औचित्यही पटतें.

पुढें १९६८ सालीं पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें पुरीं झालीं, आणि परभणी, वसमत, नांदेड या बाजूस कालव्याचें पाणी खेळूं लागलें. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं तिचें उद्‌घाटन झालें. तिच्या डाव्या कालव्यानें गोदावरीचें पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत आणलें. त्याच सुमारास, १८ मे १९७२ रोजीं, परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. या विद्यापीठाचें केळी संशोधन केंद्र नांदेड येथें आहे. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला व वसमत तिकडे गेलें, तरी पाण्याचा आणि केळीचा हा पट्टा एकच राहिला आहे. ज्या पिढीनें ज्वारीच्या कणसावर जन्म काढला, तिच्या मुलांनीं या पाण्यावर केळीचे घड पाहिले.

केळ लावण्याची जुनी रीत साधी होती, पण तींत पारख होती. चांगल्या, निरोगी बागेंतील झाडाच्या बुडाशीं आलेला, तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडावयाचा. रुंद पानांचा, वरवरच फोफावलेला टाकून द्यावयाचा. मुळ्या छाटून, कंद साफ करून, पांच फुटांवर पांच फूट खड्डे घेऊन तो लावावयाचा. पावसाच्या आरंभीं लावली ती मृगबाग, पावसाळा सरतां सरतां लावली ती कांदेबाग. वर्ष-दीड वर्षांत घड उतरतो. घडावर अखेरची फणी सुटली कीं केळफूल कापून टाकतात. बुडाशीं एक मुनवा राखून बाकीचे काढतात, आणि राखलेल्यावर खोडवा घेतात. या सगळ्यांत परागाचा, फलनाचा, बीजाचा कोठेंही संबंध नाहीं. आईच्या बुडाशीं लेक, लेकीच्या बुडाशीं नात, असा तो वंश चालतो; परंतु शास्त्राच्या दृष्टीनें ती लेकही नव्हे आणि नातही नव्हे. तें तेंच झाड, तोच देह, पुन्हां नव्यानें उभा राहिलेला.

केळीची ही कथा आपोआप घडलेल्या योगाची. द्राक्षाची कथा याहून निराळी, आणि तिचा पूर्वार्ध मराठवाड्यांतच घडला. परभणीच्या पश्चिमेस दौलताबादला चौदाव्या शतकांत इब्न बतूता आला, तेव्हां तेथें द्राक्षें व डाळिंबें होत असून तीं वर्षांतून दोनदां येतात, असें त्यानें नमूद केलें आहे. या उष्ण हवेंत वेलीला हिंवाळ्याची झोंप नाहीं, म्हणून ती वर्षभर वाढूं पाहते. आपले बागाईतदार एप्रिलमध्यें खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून तिला शिस्त लावतात व एकच चांगलें पीक घेतात, त्याच्या मुळाशीं हेंच कारण आहे. दख्खनचीं जुनीं द्राक्षें मात्र बियांचीं होतीं. नाशिककडची भोकरी, इकडची पांढरी साहेबी, हैदराबादची अनाबेशाही, या सर्वांचा मणी तोंडांत टाकला कीं बिया थुंकाव्या लागत.

बिनबियांचें द्राक्ष इराण-तुर्कस्तानकडे शेंकडों वर्षांपासून होतें. बेदाणा आणि किसमिस त्याचेच. ‘बेदाणा’ या फारसी शब्दाचा अर्थच मुळीं ‘दाण्यावांचूनचा’ असा आहे. १८७२ सालीं कॅलिफोर्नियांतील विल्यम थॉम्पसन यानें न्यूयॉर्ककडून मागविलेल्या काड्यांतून ही जात वाढविली व तिला त्याचें नांव पडलें. हीच पुढें ‘थॉम्पसन सीडलेस’ म्हणून महाराष्ट्रांत आली, आणि नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांचें रूप तिनें पालटून टाकलें. येथें बी नाहींसें होण्याची रीत केळीहून वेगळी आहे. द्राक्षाच्या फुलांत फलन होतें, गर्भही धरतो. पण थोड्याच दिवसांत तो गर्भ खुंटतो आणि बियेचा केवळ कोंवळा अवशेष राहतो. केळीस बी धरतच नाहीं. द्राक्षांत तें धरून मरतें.

या मरणाचा एक परिणाम असा कीं मणी लहान राहतो. वाढतें बी हें फळाला वाढण्याची आज्ञा देत असतें. आज्ञा देणाराच गेला तर फळ थांबतें. ही अडचण दूर झाली ती एका अगदीं असंबद्ध दिसणाऱ्या शोधामुळें. जपानी भातशेतींत एक रोग होता. त्यांत रोप वेड्यासारखें उंच वाढून कोलमडत असे. १९२६ सालीं तैवानांत एइची कुरोसावा यानें दाखवून दिलें कीं, त्या रोगाच्या बुरशीनें सोडलेल्या द्रव्यामुळें ही वाढ होते. १९३५ सालीं याबुता या रसायनशास्त्रज्ञानें त्या द्रव्यास ‘जिबरेलिन’ नांव दिलें. पुढें कळून आलें कीं हेंच द्रव्य निरोगी झाडेंही, विशेषतः त्यांच्या कोंवळ्या बिया, स्वतः तयार करीत असतात. १९६० च्या आगेंमागें तें द्राक्षावर वापरलें जाऊं लागलें. आज आपल्या बागांत ‘जी.ए.’ म्हणून जें फवारतात, किंवा ज्यांत एकेक घड बुडवून काढतात, तें हेंच. जें काम बियेनें करावयाचें, तें आतां बागाईतदार औषधाच्या भांड्यानें करतो. देठाची विरळणी, मण्यांची विरळणी, सालीचें वलय काढणें, हा सगळा खटाटोप त्या हरपलेल्या बियेच्या जागीं उभा आहे. बी गेलें म्हणजे काम कमी झालें असें नाहीं. तें झाडाकडून माणसाकडे आलें.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचें कौतुक अशासाठीं कीं, या बीजहीन वेलींतूनही त्यानें नव्या जाती काढल्या. बी नाहीं म्हणून संकर नाहीं; पण हजारों वेलींत एखाद्या फांदीचा स्वभाव आपोआप बदलतो, आणि तो बदल ओळखणारा डोळा असावा लागतो. तासगांव तालुक्यांतील बोरगांवच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेंत ‘तास-ए-गणेश’ ही जात मिळाली ती अशीच. सोलापूरजवळील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं लांबट मण्यांची ‘सोनाका’ निवडली तीही अशीच. प्रयोगशाळा नव्हती; होती ती रोज सकाळीं वेलीखालून फिरण्याची संवय. जगांतही असेंच घडलें आहे. ब्राझीलमधील बाहिया येथील बिनबियांच्या संत्र्याचीं दोन झाडें १८७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत रिव्हरसाइड येथें एलायझा टिबेट्स या बाईंनीं लावलीं, आणि त्या दोन झाडांच्या डोळ्यांतून लक्षावधि झाडें भरलीं गेलीं.

कलिंगडाच्या बाबतींत मात्र मनुष्यानें जाणूनबुजून बी काढलें. त्याचींही गुणसूत्रें केळीप्रमाणेंच २२. जपानांत किहारा यानें १९४० च्या सुमारास हातीं घेतलेलें व १९५१ सालीं शास्त्रीय जगापुढें मांडलेलें काम असें : कोल्चिसीन नांवाचें द्रव्य लावून गुणसूत्रें दुप्पट, म्हणजे ४४, करावयाचीं, मग ४४ चा व २२ चा संकर करावयाचा, येणाऱ्या रोपांत ३३. ज्या अंकावर केळ हजारों वर्षांपूर्वीं आपोआप पोंचली, त्याच अंकावर कलिंगड हिशेबानें नेलें गेलें. पण केळीला मुनवा आहे, द्राक्षाला काडी आहे. एका हंगामाच्या कलिंगडाच्या वेलाला तसें कांहीं नाहीं. म्हणून बिनबियांच्या कलिंगडाचें बी दर हंगामास नव्यानें विकत घ्यावें लागतें. येथें या सर्व इतिहासाचें मर्म उघड होतें : बी फळांतून जातें तेव्हां तें कोणाच्या तरी हातीं जात असतें, आणि तो हात कोणाचा हा प्रश्न त्यानंतर कायमचा उरतो.

परभणीच्या केळीवाल्यास हा प्रश्न दोन बाजूंनीं विचारावा लागेल. पहिली बाजू रोगाची. एका कंदापासून वाढलेली बाग म्हणजे एकाच देहाचीं हजार रूपें. जें एकाला मारील तें सर्वांना मारील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेच्या बाजारांत ‘ग्रो मिशेल’ या एकाच केळीचें राज्य होतें. मातींतून व कंदांतून पसरणाऱ्या पनामा मर रोगानें मध्य अमेरिकेंतील तिच्या बागा एकामागून एक निकामी केल्या, आणि १९६० च्या सुमारास ती बाजारांतून गेली. तिच्या जागीं कॅव्हेंडिश कुळ आलें, कारण तें त्या रोगास दाद देत नव्हतें. आपली बसराई, अर्धापुरी व ग्रँड नैन याच कुळांतल्या. आतां त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. आग्नेय आशियांतून तो निघाला. भारतांत बिहार व उत्तर प्रदेशांत तो आढळला आहे. बियांच्या पिकांत प्रत्येक रोप थोडें निराळें असतें. हजारांत दहा वांचतात, आणि त्या दहांपासून पुढची पिढी होते. केळीस हा मार्ग मोकळा नाहीं.

दुसरी बाजू मालकीची. जुन्या रीतींत मुनवा शेजाऱ्याकडून मिळे. पाहुण्याकडून गाडीभर कंद आणावे, पुढच्या सालीं आपण दुसऱ्यास द्यावे, असा व्यवहार होता. त्यांत रोगही फिरे, हें खरें. उतिसंवर्धनाच्या रीतीनें, म्हणजे वाढीच्या अग्राचा सूक्ष्म तुकडा प्रयोगशाळेंत काचेच्या बरणींत वाढवून, निरोगी व एकसारखीं रोपें मिळूं लागलीं. बाग एकदम फळावर येते, घड भरदार पडतो. जळगांवकडे या रोपांनीं केळीची शेती पालटली आणि मराठवाड्यानेंही ती वाट धरली. त्यांतील लाभ नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्याच्या आजोबानें बियाण्याची कणगी दुष्काळांतही राखली, त्याला केळीचा वंश आतां रोपवाटिकेच्या पावतीवर मिळतो, आणि चांगला मुनवा पारखण्याची विद्या घरांतून हळूहळू उठून चालली आहे. रोपें निरोगी ठेवणाऱ्या संस्था सार्वजनिक असोत वा खासगी, त्या वंशाच्या विश्वस्त आहेत. त्यांच्या चोखपणावर आतां सगळी बाग उभी आहे.

आणि गंमत अशी कीं, बिनबियांच्या फळावर संकट आलें म्हणजे शास्त्रज्ञ धांव घेतो ती बियांकडेच. नवीं बिनबियांचीं द्राक्षें काढण्यासाठीं, वेलीवर मरूं घातलेला तो कोंवळा गर्भ वेळेपूर्वीं काढून काचेच्या नळींत वाढवावा लागतो. केळीची नवी जात करावयाची तर रानकेळीचा पराग घेऊन घडामागून घड हातानें फलवावे लागतात, आणि ढीगभर गर कुसकरल्यावर चार-दोन बिया हातीं आल्या तर नशीब. आपल्या दुष्काळी भागांत द्राक्षवेल तग धरून आहे, ती टेक्सासकडच्या रानवेलीपासून निवडलेल्या ‘डॉगरिज’ खुंटावर कलम केल्यामुळें. वर बिनबियांची नाजूक फांदी, खालीं बियांच्या कुळांतलें रानटी मूळ. तिरुचिरापल्लीस १९९३ पासून असलेलें राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र देशोदेशींच्या व अरण्यांतील केळींचा संग्रह जपतें, त्याचें प्रयोजनही हेंच.

तेव्हां बीज नाहींसें झालें, असें म्हणणें अर्धेंच खरें आहे. तें आपल्या ताटांतून गेलें आणि अरण्यांत, संग्रहांत, जुन्या बागांच्या बांधांवर राहिलें. सह्याद्रीच्या कड्यावरील चवईचें फळ कोणी खात नाहीं, आसामच्या रानांतल्या बियांच्या केळीला बाजार नाहीं, भोकरी द्राक्ष नाशिकच्या बहुतेक मुलांनीं पाहिलेंही नसेल. बाजाराच्या हिशेबांत या सर्वांची किंमत शून्य आहे. परंतु पूर्णेच्या कालव्यावर बाग लावणाऱ्या माणसाच्या नातवाला केळ मिळेल कीं नाहीं, हें उद्यां कदाचित् अशाच एखाद्या बियाळ, बेचव फळावर ठरावयाचें आहे. गोड गर खाणारानें एवढें लक्षांत ठेवलें पाहिजे कीं, बिया थुंकावयास लावणारें फळ जगांत कोठें तरी शिल्लक आहे, म्हणूनच त्याच्या हातांतलें फळ बिनबियांचें राहूं शकतें.